राणीचा उजवा गाल

लेप वाटून वाटून दासी गोजराचे हात भरून येत, आणि ते लेप तोंडाला थापण्यात राणी मैनावतीची अख्खी सकाळ जाई. बाहेर फिर्यादी ताटकळत बसत. पण राजवैद्य बजावत, "राणीसाहेब, एक जरी लेप चुकला, तरी तेज गेलंच म्हणून समजा!"

एकदा राणीनं त्यांनाच विचारलं, "नीट बघून सांगा, कुठला गाल जास्त टवटवीत?"

"उजवा! माझ्या लेपांची किमया!"

"वैद्यराज, महिनाभर तुमचे लेप फक्त डाव्या गालाला लावले. उजव्याला नुसतं कोमट पाणी आणि दुधावरची साय."

गोजरा तोंडात बोट घालून राणीकडे बघत राहिली.

"गोजरा, तो पाटा उचल," राणी म्हणाली, "आणि दार उघड. लोक केव्हाचे थांबलेत."