राणीच्या नावाचे मडके

एका राज्यात सुया हरवत नसत. दूध उतू जात नसे, दोऱ्याचा गुंता होत नसे, आणि पावसाळ्यात फुगून दार अडकल्याचे कुणी ऐकलेले नव्हते. हे सारे त्रिकूट नावाच्या मायावी पुरुषामुळे. तो डोंगरातल्या गुहेत राही. दर अमावास्येला प्रजेने आपला रोजचा त्रास मडक्यात तोंड घालून सांगावा, वर फडके बांधावे आणि त्याच्या दूतांच्या हवाली करावे. त्रास जाई तो कायमचा.

त्या राज्याचा राजा पृथुसेन. त्याची राणी मंदारवती फाल्गुनात वारली. महिना लोटला, आणि राजाने तिचे चित्र काढण्यासाठी चित्रकार बोलावला. चित्रकार रंग कालवून बसला आणि त्याने विचारले, "राणीसाहेब कशा होत्या?"

"चांगली होती," राजा म्हणाला.

चित्रकार वाट पाहत राहिला. सव्वीस वर्षांचा संसार, आणि राजाला पुढचा शब्द सापडेना. चेहरा आठवू जाता नुसता चेहऱ्याएवढा उजेड दिसे. त्याने दासींना विचारले, प्रधानांना विचारले. सगळे म्हणाले, फार चांगल्या होत्या. तेव्हा राजाला भीती वाटली. तशी ती रणांगणावरही वाटली नव्हती.

राणीने एक साळुंकी पाळली होती. पाखरे मडकी भरत नाहीत, त्यामुळे तिला सारे आठवत होते. तिने राजाला सांगितले की लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने राणीच्या नावाचे एक मडके भरून दिले होते. त्रास गेला, आणि त्याला चिकटून राणीही गेली. ती जिवंत होती तोवर रोज समोर दिसे, म्हणून कळले नाही.

"कोणता त्रास?" राजाने विचारले.

"तो तुझा तुलाच उघडावा लागेल. वाटेत तीन परीक्षा आहेत. एकदा जरी चिडलास, तर मडक्यात राख उरेल."

राजाने तलवार कमरेला लावली. साळुंकी म्हणाली, "ती राहू दे. तिथे राक्षस नाहीत. असते तर तुला सोपे गेले असते."

गुहेच्या दाराला कुलूप होते, आणि जुडग्यात शंभर किल्ल्या. निम्म्याहून अधिक लावून झाल्या की जुडगा हातातून निसटे, आणि कोणत्या लावल्या, कोणत्या राहिल्या ते कळेनासे होई. साळुंकी खांद्यावर बसून मोजत होती, तीही चुके. राजाने दात आवळले, मग आवळलेले दात सोडले आणि पुन्हा पहिल्या किल्लीपासून सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडले.

आत नदी होती आणि एक म्हातारा नावाडी. तो आपल्या मेहुणीच्या म्हशीची गोष्ट सांगे, आणि कुणी ऐकत असेल तोवरच नाव चाले. मधेच तो विसरे आणि विचारी, मी कुठवर आलो होतो? ज्या राजाने दरबारात कुणाला तिसरे वाक्य बोलू दिले नव्हते, तो प्रत्येक वेळी सांगे, "म्हैस गोठ्यातून सुटली होती, आजोबा." म्हैस चौदा वेळा सुटली. नाव पैलतीराला लागली.

तिथे हजारो मडकी होती आणि एकावरही नाव नव्हते. जे उघडावे त्यातला त्रास उघडणाऱ्याला लागे. राजा उघडत गेला. त्याच्या पायात खडा रुतला. कानाशी डास गुणगुणू लागला. कुणाच्या तरी सासऱ्याचे पहाटेचे खाकरणे त्याच्या डोक्यात येऊन बसले. एक शिंक नाकाच्या टोकाशी येऊन थांबली ती थांबलीच. प्रजेचे एवढे ओझे त्या राज्यात आजवर कुणी उचलले नव्हते.

तेव्हा त्रिकूट समोर आला. वय तीनशे वर्षे, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. "मी चोरले नाही, महाराज. आपण दिलेत, मी घेतले. त्याला जे चिकटून आले, त्यावर जगलो."

"खरे आहे," राजा म्हणाला. "चूक माझी." आणि त्याने पुढच्या मडक्याचे फडके सोडले.

"हे कुठवर चालणार?" त्रिकूटाने विचारले.

"मंगळवारी घर सोडले तेव्हाच मी ठरवले..."

"मंगळवार कुठला? बुधवारी निघालात," मडक्यातून आवाज आला. "आणि किल्ल्या शंभर नव्हत्या हो, अठ्ठ्याण्णव होत्या."

जुना संताप राजाच्या घशाशी आला. पाहुण्यांदेखत, परराज्याच्या दूतांदेखत राणी अशीच मधे बोलायची, आणि वाईट म्हणजे तिचेच बरोबर असायचे. मडके हातात तापू लागले. साळुंकीने डोळे मिटून घेतले.

राजाने श्वास सोडला. "बुधवार तर बुधवार," तो म्हणाला. "आणखी काय चुकले माझे?"

ती सांगत गेली, तो ऐकत गेला. एकेका चुकीबरोबर तिचे थोडेथोडे परत येऊ लागले. डाव्या भुवईवरचा तीळ आला. बोलताना पदराचे टोक बोटाला गुंडाळायची सवय आली. मग मडके रिकामे झाले आणि आवाज थांबला. राजाने एकदा हाक मारली. पुन्हा मारली नाही.

त्या क्षणी सारी मडकी तडकली. त्रास आपापल्या घरी गेले, आणि ज्याचे त्याचे हरवलेले माणूस ज्याला त्याला आठवले. त्रिकूटाला तीनशे वर्षांत प्रथमच जोडा चावला. तो लंगडत, कुरकुरत डोंगर उतरून गेला, आणि त्याची जादू पुन्हा कुणी पाहिली नाही.

राजाने वर्षातला एक बुधवार सणाचा ठरवला. त्या दिवशी अळणी झालेले अळणीच जेवावे, उशीर करणाऱ्याची वाट पाहावी, आणि चुका काढणाऱ्याला अडवू नये. दवंडी पिटणाऱ्याने अर्ध्या नगराला भलतीच तिथी सांगितली, म्हणून अर्धे लोक तो सण आठ दिवसांनी करतात. राजाने तेही तसेच राहू दिले.

राज्यात सारे जागच्या जागी आले, एक जागा सोडून. ऐकणाऱ्यांनो, तुमच्या घरी मधे बोलणारे जे कुणी असेल, ते शंभर वर्षे बोलत राहो.