म्हातारीच्या घरामागचा किनारा

एक होता राजा. आपल्याकडचा नव्हे, बरं का. लांब तिकडे भूमध्य समुद्र आहे, त्यातल्या एका बेटाचा. त्याला एकच मुलगी, इरिनी. तिला झोपच येईना. महिना झाला, पोरीच्या डोळ्याला डोळा नाही. वैद्य थकले, गाणारे थकले. पोर वाळत चालली.

मग राजवाड्यातला आचारी म्हणाला, आमच्या गावाला एक छोटा किनारा आहे, तिथल्या लाटा ऐकल्या की कसलंही पोर झोपतं. पण तो गावच्या लोकांनाच ठाऊक. दोन्हीकडे उंच कडे, वाट एकच, आणि ती देस्पिना म्हातारीच्या घरातून जाते. पुढच्या दारानं आत शिरायचं, मागच्या दारानं वाळूत उतरायचं. येणाऱ्यानं आधी घरातलं एखादं काम करायचं, अशी त्या घराची रीत. म्हातारीला मूलबाळ नव्हतं, पण तिचं काही अडत नसे.

मग राजानं प्रधानाला बघायला पाठवलं. म्हातारी म्हणाली, अंगण झाडा. प्रधान कसला झाडतोय! तरातरा आत गेला, मागचं दार उघडलं, तर समोर भिंत.

मग सेनापती गेला. त्याला म्हातारीनं पाणी भरायला सांगितलं. त्यानं शिपायांना भिंतच पाडायला लावली. मागे दुसरी भिंत. तीही पाडली, मागे तिसरी. शिपाई घामाघूम झाले आणि परत फिरले.

मग राजा स्वतः गेला, पोरीला कडेवर घेऊन. म्हणाला, "आजी, तेवढं दार उघडा."

"दार माझं ऐकत नाही रे बाबा," म्हातारी म्हणाली. "कांदे चिरायचेत. बस."

राजानं तलवार पुष्कळ चालवली होती, कांदा कधी चिरला नव्हता. बसला बिचारा. इरिनीला काम दिलं नाही हं, कडेवरच्यांना काम नसतं. कांद्यानं राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग महिनाभर दाबून ठेवलेलं खरं रडूही आलं. पोर हातची जाईल ही भीती त्यानं कुणाला सांगितली नव्हती, ती म्हातारीला सांगितली. म्हातारीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तेवढ्यात मागचं दार आपोआप उघडलं. बाहेर ऊन, वाळू, निळं पाणी. दोन बायका जाळं शिवत होत्या, त्यांनी राजाकडे वळूनही पाहिलं नाही. आणि थोड्याच वेळात इरिनी बापाच्या मांडीवर झोपली.

राजाला एवढा आनंद झाला! वाटलं, इथं राजवाडा बांधावा, दवंडी पिटावी. पुढच्या दारी थांबलेल्या शिपायांना हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. पण हाकेनं पोर उठेल की! म्हणून मिटलं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. पोर झोपलेली, राजा गप्प. बायका त्याला पाव नि मासे आणून देत. लाटा ऐकता ऐकता त्याला दवंडीची लाज वाटायला लागली. चौथ्या दिवशी पोर उठली नि म्हणाली, "बाबा, भूक लागली."

मग दोघं घरी आले. प्रधानानं विचारलं, "महाराज, किनाऱ्यावर राजवाडा कधी बांधायचा?"

राजा म्हणाला, "किनारा कुठला? तिथे तर भिंत आहे. तुम्हीच पाहून आलात ना?"

किनारा होता तसाच राहिला, इरिनी रोज शांत झोपू लागली, सगळ्यांचं बरं झालं. आता पाय पसरा आणि डोळे मिटा पाहू.