न मागता मतं हवीत!

"मतं हवीत, पण मागणार नाही!" असं गरजून कुंभेरीच्या हैबतरावमहाराजांनी लोडावर मूठ आपटली. लोडातून भसकन धूळ उडाली आणि महाराजांनाच शिंक आली.

सरकारनं राजेरजवाड्यांचे तनखे बंद केले, त्या सुमाराची ही गोष्ट. महाराज विधानसभेला उभे होते. तसं कुंभेरी काही मोठं राज्य नव्हतं. इनमीन अकरा गावं, त्यांतलीही निम्मी पुढं धरणात गेलेली. "आमची निम्मी प्रजा म्हणजे मासे," असं महाराज स्वतःच पाहुण्यांना सांगत, "आणि त्यांना मताचा हक्क नाही!" स्वतःला हसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पण दुसरं कुणी हसलं, की त्यांना लगेच घराण्याची अब्रू आठवे.

कारभारी सबनीस रडकुंडीला आले होते. "महाराज, तो गिरणीवाला वाघमोडे घरोघर दोनदा फिरून आला. म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, पोरांची नाकं पुसतो!"

"पुसू दे! आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणापुढं हात पसरलेला नाही. राजा देतो, मागत नाही!"

"द्यायला तरी आता काय उरलंय?" कारभारी पुटपुटले.

तेवढ्यात दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं. नावाड्याची मुलगी गोजरा होती ती. मुदपाकखान्यात मासे देऊन परत निघाली होती.

"कोण हसलं?"

"मी, म्हाराज. न्हाई ऱ्हावलं."

"हसण्यासारखं काय आहे त्यात?"

"भूक आपल्याला लागलीया, आन् म्हनायचं, ताटानं चालत यावं!"

महाराजांचे कान तापले. पोरगी बोलली ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. "एवढी शहाणी आहेस, तर ऐक! आम्ही मत मागणार नाही, कुणापुढं हात जोडणार नाही, आणि तरी मतं मिळाली पाहिजेत. उद्या सकाळी उपाय सांगायचा. नाहीतर नदीचा उतार रिकामा करायचा. झोपडी, होडी, सगळं उचलायचं!"

गोजराचं हसू कुठल्या कुठं पळालं. उतार राजवाड्याच्या मालकीचा होता आणि होडी लावायला दुसरी जागा त्या काठाला नव्हती. उतार गेला की घरची चूल विझलीच.

आपण भलतंच बोललो, हे महाराजांना जेवायला बसल्यावर उमगलं. पण शब्द मागं घ्यायचा कसा? राज्य विलीन झालं होतं, हट्ट तेवढा विलीन व्हायचा राहिला होता.

सकाळी गोजरा आली ती ताठ मानेनं. "म्हाराज, उपाय आनलाय. पर आधी एक सांगा. तुमी गादीवर कसं बसला?"

"कसे म्हणजे? रक्तानं! आमचे वडील राजे, आजोबा राजे!"

"आन् बसायच्या आधी, फाटंचं, आमच्या झोपडीपुढं अनवानी हुबं ऱ्हाऊन काय म्हनला हुता?"

महाराजांना ती पहाट आठवली. तशी रीतच होती. भाटांच्या कवनात कुंभेरीचे मूळपुरुष घोड्यासकट नदी उडून पार करत. खरं म्हणजे ते लढाई हरून पळत आले होते आणि नावाड्यानं त्यांना होडीत घालून पैलतीरी आणलं होतं. तेव्हापासून नवा राजा गादीवर बसण्याआधी नावाड्याच्या दाराशी जाई आणि "बसू का?" असं विचारी. नावाडी "बस" म्हणून कपाळाला नदीचा ओला गाळ लावी, मगच राज्याभिषेक. गोजराच्या आज्यानं तर हैबतरावांना हातातली भाकरी संपेपर्यंत तिष्ठत ठेवलं होतं. वर विचारलं होतं, "पूर आला तर काय करशील?" आणि महाराज घाबरून म्हणाले होते, "तुम्हाला हाक मारीन!"

"पण ते मागणं नव्हतं!" महाराज उसळून म्हणाले. "आम्ही नुसतं विचारलं होतं!"

"मग आता बी नुसतं इचारा की! हात जोडू नगा, मत मागू नगा. अनवानी जावा आन् म्हना, 'बसू का?' रीत तीच हाय, म्हाराज. तवा उंबरा एक हुता, आता लई झाल्यात!"

कारभाऱ्यांनी आ वासला. महाराज मात्र सहजासहजी हरणारे नव्हते. "आणि कुणी 'नको' म्हटलं तर?"

"त्यो धोका तवा बी हुताच! माझा आजा 'नगं' म्हनला असता, तर तुमी अजून तितंच हुबं असता!"

महाराज पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी आलं. "हरलो, पोरी! कारभारी, आजपासून नदीचा उतार नावाड्याचा. कायमचा!"

"घात होईल, महाराज!" कारभारी ओरडले. "मतदाराला बक्षीस म्हणजे लाच! वाघमोडे कोर्टात जाईल, निवडणूक रद्द होईल!"

महाराजांनी कपाळाला हात लावला. "वा रे राजा! मागायला लाज वाटते, आणि द्यायला बंदी!"

"म्हाराज," गोजरा म्हणाली, "उतार बाच्या नावावर कशाला? माझ्या नावावर करा. मत द्यायला एकविसावं सरावं लागतंय, मला आत्ता कुटं एकोनीस!"

कारभाऱ्यांनी बोटांवर हिशेब केला, डोकं खाजवलं आणि मान डोलावली. महाराजांनी मिशीला पीळ दिला. "पण गोजरा, तुझा बाप मत आम्हालाच देईल ना?"

"त्ये त्येंनाच इचारा. पर अनवानी या!"

महाराज असे खदखदून हसले, की मुदपाकखान्यातून आचारी धावत आला. उताराचा कागद करायला सांगून त्यांनी मोजड्या तिथंच काढल्या आणि नदीची वाट धरली.