दिंडीची कडी

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका किल्ल्याच्या महादरवाजाला लहानशी दिंडी होती, आणि दिंडीला लोखंडी कडी. मातीची घागर रोज बाहेरच्या गोड्या विहिरीवर निघताना म्हणायची, "कडीबाई, परतले की उघडा हं, डुलक्या काढू नका!"

"तूच विहिरीवर गप्पा छाटत बसू नकोस."

एके दिवशीही असंच बोलणं झालं. घागर गेली आणि टिटवी ओरडत आली, "शत्रूची गलबतं आली!" कडीने स्वतःला घट्ट लावून घेतलं.

थोड्याच वेळात दारावर थाप पडली. "कडीबाई, मी आलेय. उघडा ना!"

आवाज घागरीचाच होता. पण तिच्या मागे कुणी असलं तर? आत अख्खा किल्ला होता.

"जरा थांब गं," कडी म्हणाली. "गलबतं वळू देत."

गलबतं संध्याकाळी वळली. तोवर थाप थांबली होती. त्या दिवसापासून कडी कुणालाच उघडेना.

शेकडो वर्षांनी उत्खननात दिंडीला आतून लागलेली कडी सापडली आणि उंबऱ्याबाहेर खापरं. "दार वेळेवर लागलं होतं," खोदणाऱ्या बाईंनी वहीत लिहिलं. "सगळे आत सुखरूप असणार."

गंजलेल्या कडीने ते ऐकलं.

घागरीला आत घ्यायचं राहून गेलं होतं.