साळिंदराची नवी आवृत्ती

मला कशाला बसवता गोष्ट सांगायला? गुडघे ठणकतात, आणि तुम्हांला कुठे दम धरवतो! बरं, ऐका. मधे बोलायचं नाही.

एका जंगलात एक म्हातारं साळिंदर राहत असे. जंगलाचा सर्व्हर ते सांभाळी. सर्व्हर म्हणजे एक डबा. वरच्या पाणवठ्याची खबर खालच्या बिळांतल्या छोट्या डब्यांत पोचवणारा. त्यातला प्रोग्राम सगळ्यांचा, फुकटचा. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. वापरायला सगळे, सुधारायला साळिंदर एकटं. काटे टोचतात म्हणून त्याच्या दाराशी कुणी फिरकत नसे.

प्रोग्राम जुनाट झाला. त्यातल्या भोकातून कोल्हा खोटी खबर सोडी, "पाणवठ्यावर वाघ!" आणि एकटाच पाणी पिऊन येई. साळिंदराने खपून नवी आवृत्ती तयार केली. रीत अशी, की ती आधी दोघाचौघांनी आपल्या बिळात चालवून बघायची. तक्रार आली नाही, की सगळीकडे धाडायची.

"सशा, जरा चालवून बघतोस का रे?"

"बघतो की, आजोबा," ससा म्हणाला आणि कान पाडून झोपला.

"घोरपडबाई, तुम्ही?"

"जुनं चालतंय ना? मग कशाला उकरताय?"

साळिंदर घरी येऊन वाट बघत बसलं. बाहेर पाचोळा वाजला, की काटे मिटून घेई; न जाणो, कुणाला आत यायचं असलं तर! कुणी आलं नाही. तक्रारही आली नाही. "म्हणजे बरं असावं," ते स्वतःशीच म्हणालं आणि नवी आवृत्ती धाडून मोकळं झालं.

तिने कोल्ह्याला अडवलं खरं, पण बिळांतल्या जुन्या डब्यांशी ती बोलेना. वर लोंढा आला. खबर निघाली, खाली पोचलीच नाही. सशाच्या बिळात पाणी शिरलं, पिल्लं कशीबशी वाचली. झालं! सगळं जंगल साळिंदराच्या दारात.

"थेरड्या, जिवावर उठलास आमच्या!" ससा ओरडला.

"तुलाच चालवून बघ म्हटलं होतं ना? तेव्हाच कळलं असतं."

 साळिंदराने बिघाड काढला, खबरा पुन्हा धावू लागल्या, तसे सगळे पांगले. जाताना कुणी 'बरं झालं' म्हटलं नाही. साळिंदर काटे मिटून दाराकडे बघत राहिलं.

तात्पर्य : गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. जो सगळ्यांसाठी राबतो, त्याला बिघडल्यावर शिव्या देण्यापेक्षा आधी दोन शब्द बोलावेत. आळीचा नळ मी दुरुस्त केला तेव्हा मुका राहिलेला, आणि पुन्हा गळला तेव्हा चारचौघांत माझी लाज काढणारा एक जण अजून माफी मागायचा राहिलाय : वामन शेंडगे.