काजरेबुवांच्या मठातला काळा घेवडा

खाडीकाठच्या कोळवली गावात श्रीकाजरेबुवा महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. महाराज काजऱ्याच्या झाडाखाली धुनी लावून बसत. काजऱ्याचं फळ विषारी. पण त्या झाडाखाली बसलेल्या माणसाच्या तोंडून कधी कडू शब्द निघाला नाही!

गावात बाबल तारी नावाचा खलाशी परतला होता. दहा वर्षं बोटीवर आचारी होता. येताना त्याने ब्राझील देशातून गोणीभर काळा घेवडा आणला. आईबाप मागेच गेलेले, भाऊबंद ओळख देईनात. मठाच्या पायरीवर मात्र महाराजांनी त्याला "ये रे बाबल" म्हणून हाक मारली. तेव्हापासून त्या पायरीशिवाय त्याला दुसरं घर नव्हतं.

एकादशीला महाराज म्हणाले, "बाबल, उद्या खाडीपलीकडची भजनी मंडळी पारण्याला येतायत. चाळीस पानं. तुझ्या घेवड्याची उसळ आणि भात, एवढाच बेत."

हे ऐकून हरभट आचारी उसळले. पंचक्रोशीतलं एकही लग्न त्यांच्या झाऱ्याशिवाय लागलं नव्हतं. गोणीत हात घालून ते म्हणाले, "हे दाणे? आमच्या शेळीच्या गोठ्यात फुकट मिळतात! काय रे बाबल, तिकडे यात आणखी काय घालतात?"

तिकडे जे घालतात ते मठात सांगण्यासारखं नव्हतं. बाबल खाली बघत म्हणाला, "भटजीकाका, आपण हिंग घालू."

"घाल! पण उद्या साडेनऊला द्वादशी सरते. त्याआधी शिजलेली उसळ पानात पडली नाही, तर तू पुन्हा मठाची पायरी चढायची नाहीस. कबूल?"

बाबलने महाराजांकडे बघितलं. महाराज धुनीत लाकूड सारत होते. "कबूल," बाबल म्हणाला.

रात्रभर भिजवलेला घेवडा पहाटे चुलीवर चढला. हरभट देखरेखीला हजर! बाबल पाणी आणायला विहिरीवर गेला तेवढ्यात त्यांनी हंड्यात डोकावून बघितलं. उसळ दिसली की आमसूल टाकायचं, ही त्या हाताची चाळीस वर्षांची सवय. हाताने मालकाला विचारलंच नाही. दोन मुठी आमसुलं हंड्यात!

आता आंबट आधी पडलं की घेवडा हट्टाला पेटतो, हे बोटीवरचा आचारी जाणून होता. पण त्याला सांगणार कोण? सात वाजले, दाणा कडक. आठ वाजले, दाणा जास्तच कडक. घाईत डाव आपटला, त्याचा दांडा मोडला. लाकडं ओली निघाली. धुरात मांजरसुद्धा खोकायला लागलं. बाबलने एक दाणा चिमटीत दाबला, तो सणकन सुटला आणि हरभटांच्या कपाळावर बसला.

"अरे, माणूस मारतोस की काय!" हरभट कपाळ चोळत ओरडले. "शिजवायला सांगितलंय, बंदुकीत भरायला नाही!"

कोणी हसलं नाही. होडी काठाला लागली होती. काल सकाळपासून उपाशी असलेली चाळीस माणसं पाय धुऊन पानांवर बसली. नऊ वाजले. बाबलने मोडका डाव खाली ठेवला. तो धावत धुनीकडे गेला. "महाराज, दाणा हरला नाही, मीच हरलो. पायरी उतरतो."

महाराज उठले. हंड्यातला एक दाणा त्यांनी दाताखाली धरला. म्हणाले, "आंबट लागतं रे."

हरभट एकदम छपराची कौलं मोजायला लागले.

कोणी टाकलं, हे महाराजांनी विचारलं नाही. धुनीतली चिमूटभर राख घेतली, नाव घेतलं आणि हंड्यात सोडली.

"राख!" हरभट किंचाळले. "महाराज, पाहुण्यांनी खायचं आहे हे!"

तोच हंडा गुरगुरला. भरतीचं पाणी चढावं तसा काळा फेस काठापर्यंत आला. महाराज म्हणाले, "हरभटजी, बघता काय? डाव धरा! उतू गेली तर चाळीस माणसं तुमच्या नावाने बोटं मोडत उपाशी उठतील."

मोडक्या डावाने हरभट ढवळायला लागले. हात पोळला, शेंडीवर शिंतोडे उडाले, पण डाव सोडता येईना. आणि काय सांगावं! ढवळता ढवळता डाव हलका झाला. दाणा न दाणा लोण्यासारखा मऊ, रस दाट, वास असा की पंगतीतल्या म्हाताऱ्या बुवांनी अभंग मधेच सोडला! सव्वानऊला पानं वाढून झाली.

सगळे जेवायला लागले, हरभट मात्र हंड्याशी उभे. उपास त्यांचाही होता. द्वादशी सरायला पाच मिनिटं उरली होती.

"महाराज," ते म्हणाले, "आमसुलं मी टाकली."

"ठाऊक आहे. तुमच्या हाताने टाकली," महाराज म्हणाले. "पण पायरी याची गेली असती."

हरभटांनी महाराजांपुढे डोकं टेकायला अंग वाकवलं. महाराज हळूच बाजूला सरकले. डोकं टेकलं ते काजळीने माखलेल्या बाबलच्या पायांवर!

"भटजीकाका, हे काय करता!" बाबल घाबरून मागे सरायला लागला. हरभटांनी पाय घट्ट धरले. वर न बघताच म्हणाले, "क्षमा सावकाश कर रे बाबा. आधी वाढ. द्वादशी सरतेय!"