दाब सोसलेली चवळी

डाळी-कडधान्यं तोंडानं बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. एक चवळी भिजून, यंत्रात डोंगराएवढा दाब सोसून, पुन्हा वाळून स्वयंपाकघरात परतली.

"त्या दाबानं माझ्यातले पोषक गुण दुप्पट झालेत," ती मटकीला म्हणाली. "मी काही रोजच्या उसळीत जायची नाही. पाहुण्यांसाठी राहीन."

"अगं, घरातली सून आजारातून उठतेय. तिलाच हवेत ना ते गुण?" मटकी म्हणाली आणि स्वतः भिजायला गेली.

चवळी वरच्या फळीवर जाऊन बसली. पाहुणे आले, चहा पिऊन गेले. सून मटकी खाऊन हिंडूफिरू लागली.

एक दिवस भुंग्यानं चवळीला भोक पाडलं.

"मी कोण आहे, ठाऊक आहे का?" चवळी कडाडली.

"आहे की, ताई," भुंगा तोंड पुसत म्हणाला. "गुण खरंच दुप्पट आहेत. माझी तब्येत बघा ना."